कुत्र्याचं 'पझल' ताट : ब्रूनो, मोत्या आणि एक कावळा

ऑनलाइन ८४९ रुपयांना घेतलं. प्लॅस्टिकचं ताट, नऊ खळगे. सहांवर सरकती झाकणं, तिनांवर उचलायच्या टोप्या. आत खाऊ ठेवायचा, कुत्र्याने काढायचा. खोक्यावर ऐटीत 'हुशारी : पातळी ३'.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये ब्रूनोने (लॅब्रेडॉर, चार वर्षं) दोन झाकणं नाकाने सरकवली. तिसरं अडकलं, तसा पठ्ठ्या बूड टेकून माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी उघडून दिलं. चौथ्यालाही तेच. नवरा म्हणाला, "ढ आहे." मला नाही पटत. बुडापेस्टचे प्राणिवर्तनाचे अभ्यासक आडाम मिक्लोशी यांच्या गटाने २००३ साली माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्री यांच्यापुढे न निघणारा खाऊ ठेवला होता. लांडगे झटत राहिले, कुत्री लवकरच माणसाकडे वळून बघू लागली. ब्रूनोच्या जगात फ्रिजपासून बिस्किटांच्या डब्यापर्यंत सगळं आम्हीच उघडतो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि झाकण उघडलं. चुकलं कुठे?

मे महिन्यात ताट आणि ब्रूनो दोघांना गुहागरला मामाकडे नेलं. मामाच्या कुत्र्याने, मोत्याने हुंगलं, कडेवर पंजा ठेवला आणि ताटच पालथं घातलं. टोप्या निघाल्या, तीन बिस्किटं फस्त. उरलेल्या झाकणांकडे मी बोट दाखवलं तर बरोबर तिथे जाऊन हुंगून आला. (कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवर हे तपासलंय, जवळ आलेल्यांपैकी बहुतेकांना न शिकवता बोटाची खूण कळली.) पण मागीलदारी मामी मासे साफ करायला बसली होती. मोत्या तिकडे गेला. मामा म्हणाला, "अगो, कुत्र्याला परीक्षेला कसली बसवतेस?"

दुसऱ्या दिवशी ताट भरून विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि ब्रूनोला आणायला आत गेले. शेवग्यावरचा कावळा तेवढ्याचीच वाट बघत होता. तिरक्या उड्या मारत आला, टोपीचं बोंड चोचीत धरून भिरकावलं, बिस्किट उचललं. मग दुसरी. तिसरी टोपी घेऊनच उडाला.

बाकी माल यथातथाच. खाचांत बिस्किटाचा चुरा अडकतो, मुंग्या लागतात, जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही. खालचं एक रबरी बूच दोन दिवसांत सुटलं, त्यामुळे ताट फरशीवर घसरतं. फ्लॅटमधल्या कंटाळलेल्या कुत्र्यासाठी घ्या, अर्धा तास छान जातो. पाचपैकी तीन तारे.

टोपीसाठी विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, सुटे भाग मिळत नाहीत. मामा म्हणतो, पावसाआधी कौलं चाळायची आहेत, तेव्हा बघू.