लाल वायर ताणली जात होती आणि मी टॉर्च धरून उभा होतो

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवल्यासारखं व्हायला नको. ३२,४५० रुपये. गरज होती फक्त गाडीच्या एका बॅटरीची.

दुसरी कबुलीही आत्ताच देतो, कारण आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात ती एव्हाना सगळ्यांना कळलेली आहे. मी ३१ वर्षं वीज मंडळात होतो, तीही सबस्टेशनला. तिथल्या बॅटरी रूममधल्या ११० व्होल्टच्या सेलांची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाची घनता, तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा 'काकांना प्लस-मायनस कळत नसेल' असं कुणी म्हणू नये. कळतं. तरी फसलो.

देवासला मेहुणीच्या मुलाची मुंज होती, मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटांचा. सकाळी आठला किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक. बॅटरी चार वर्षं जुनी, म्हणजे तिचं आयुष्य संपलं होतं, त्यात नवल काही नाही. नेहमीचा मेकॅनिक गावाला गेलेला. मोबाईलवर शोधलं, सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. 'भिया, पंद्रह मिनट में बंदा पहुँचेगा.' बारा मिनिटांत पोचला. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

स्कूटरवर दोघं होते, एक तोंडाळ माणूस आणि एक वीसेक वर्षांचा पोरगा. भाव ४,४००, जुन्या बॅटरीचे ७०० वजा, म्हणजे ३,७००. बिल मागितलं तर 'शाम को व्हॉट्सॲप कर दूँगा.' नवीन बॅटरीच्या टर्मिनलवर क्लॅम्प आवळल्याचे ओरखडे होते. वर त्यांचं स्वतःचं गॅरंटीचं स्टिकर असं चिकटवलेलं, की खालची प्लस-मायनसची खूणच झाकली गेली होती. हे सगळं मी पाहिलं. घड्याळही पाहिलं.

आता जे लिहितोय ते लिहिताना अजून कान गरम होतात.

बॅटऱ्या दोन मांडणीच्या येतात. एकीत प्लस डावीकडे, दुसरीत उजवीकडे, आणि मॉडेल नंबरच्या शेवटी 'एल' किंवा 'आर' हे अक्षर त्यासाठीच असतं. त्यांनी आणलेली माझ्या गाडीच्या उलट मांडणीची होती. पोराने ती जुनीसारखीच ठेवली आणि डावी वायर डावीकडे, उजवी उजवीकडे लावायला घेतली. बॅटरीच्या दोन टर्मिनलांची जाडी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, लाल वायरीचं प्लस जाड आणि काळ्या वायरीचं मायनस बारीक. म्हणजे गाडी स्वतःच ओरडून सांगत असते. काळ्या वायरीचा क्लॅम्प जाड टर्मिनलवर बसेना, तर त्याने पाना घालून तो फाकवला आणि वरून ठोकला. लाल क्लॅम्प बारीक टर्मिनलवर डगडग हलायला लागला. तेव्हा त्याने खिशातून पत्र्याची पट्टी काढली आणि मध्ये कोंबायला घेतली. खिशातून! म्हणजे हे त्याचं रोजचंच.

आणि त्याच वेळी आमची ही, नऊवारी नेसून तयार, पायरीवरून म्हणाली, "अहो, ती लाल वायर एवढी ताणतोय कशाला? मघाशी तर आरामात बसली होती."

मी म्हणालो, "तू आत जा, तुला त्यातलं काय कळतंय?"

चट्ट! निळी ठिणगी, धूर, जळक्या प्लास्टिकचा वास. पोराने अर्ध्या मिनिटात बॅटरी फिरवून वायरी बरोबर लावल्यासुद्धा आणि म्हणाला, 'कुछ नहीं अंकल, ढीला था.' गाडीत मात्र जीवच नाही. टक-टकही नाही.

तोंडाळ माणसाने मग हुकमी वाक्य टाकलं. 'आपका ईसीएम पहले से उड़ा हुआ था.' अरे, ईसीएमचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, टक-टकशी काय संबंध? व्होल्टेज कमी पडलं की स्टार्टरची रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टकटकते, हे मी झोपेतही सांगेन. पण डोक्यात मुहूर्त, घरातले चार जण तयार होऊन उभे, आणि आपण उभ्या उभ्या काहीतरी जाळलंय ही आतली भीती. घाबरलेला माणूस शिकलेला राहत नाही. त्यांनी 'उस्ताद'ला फोन लावला. ईसीएम काढून नेऊन 'प्रोग्रामिंग' करायचं, १४,५००. आधी ८,००० यूपीआयने दिले, संध्याकाळी ६,५००. पैसे गेले ते कुण्या बाईच्या नावावर. गाडी सुरू झाली. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा तेवढा राहिला, तर म्हणे 'सेंसर है, दो दिन में अपने आप जाएगा.'

तिसऱ्या दिवशी बायपासवर गाडी बंद पडली. टोइंगचे १,८००. परत आलेल्या आमच्या मेकॅनिकने मीटर लावला. इंजिन चालू असताना साडेतेरा-चौदा व्होल्टच्या वर दिसायला हवं, दिसले ११.९. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर, बॅटरी चार्जच करत नव्हता. बॅटरी उलटी लागली की अल्टरनेटरमधल्या डायोडांतून, जे एरवी करंट एकाच दिशेने जाऊ देतात, करंटला सरळ वाट मिळते, जवळजवळ शॉर्टच. मेन फ्यूज उडतो तो त्यामुळे, आणि उडेपर्यंत डायोड भाजून निघतात. त्या डायोडांची रेक्टिफायर प्लेट आणि मजुरी २,६००. म्युझिक सिस्टिम मेली होती, ५,२००. ती 'नवी' बॅटरी जुनीच निघाली, रंगवलेली. खरी घेतली ४,६५० ला. आणि ईसीएम? त्याच्या स्क्रूवरचा कंपनीचा रंगसुद्धा मोडलेला नव्हता. कुणी उघडलंच नव्हतं. बदलला होता फक्त मेन फ्यूज. तो दोनशे रुपयांच्या आत येतो. त्याचे मी १४,५०० मोजले.

म्हणून म्हणतो, कुणीही 'पार्ट जळला' म्हणालं की जळलेला पार्ट हातात मागा. आणि घरात मल्टिमीटर असेल, तर तो माझ्यासारखा खणात ठेवू नका.

ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, 'बिल है?' नाही. 'तो ये सिविल मामला है.' मी म्हटलं, साहेब, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ही फसवणूकच झाली, पूर्वीचं ४२०, आता न्यायसंहितेचं ३१८. मुन्शीने असं पाहिलं, जणू मीच काहीतरी केलंय. दुसऱ्या दिवशी 'पैसे ऑनलाइन गेले ना, मग सायबरला जा.' सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोर उभं राहून स्वतः दिलेत, हा सायबरचा मामला नाही, ठाण्यात जा. असे चार हेलपाटे. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर नवव्या दिवशी एका बाईंचा फोन, 'सर, संतुष्ट हैं बोल दीजिए, शिकायत बंद करनी है.' मी म्हटलं, बाई, मी संतुष्ट कशाने होऊ? आठवडाभराने तक्रार आपोआप बंद, शेरा 'निराकरण झाले'. कसलं निराकरण? बँकेत गेलो, त्या बाईचा पत्ता हवा म्हणून. 'गोपनीय आहे.' चोराची गोपनीयता जपली जाते, माझा आधार क्रमांक मात्र तीन टेबलांवर लिहून घेतला. विम्याचा एजंट तर हसलाच. इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीत धरत नाहीत, हे तो म्हणतो ते खरंच आहे, मी वाचून पाहिलं. पण हसायचं काय कारण?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. अर्ज मी सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवलाय. पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. मोबाईलवर दाखवलेल्या पत्त्यावर जाऊन आलो. तिथे पोळी-भाजीचे डबे देणारी मेस आहे. मेसवाल्या काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, या महिन्यात येणारे तुम्ही तिसरे.

तेव्हा पैसे देताना दुकानाच्या नावाचाच क्यूआर पाहा. वॉरंटी कार्डावरचा सीरियल नंबर बॅटरीवरच्या नंबराशी ताडून पाहा. जुनी बॅटरी काढण्याआधी वायरींचा एक फोटो घ्या. क्लॅम्प सहज बसत नसेल, ठोकावा लागत असेल, पत्रा घालावा लागत असेल, तर पोराचा हात धरा, अक्षरशः धरा. आणि घरातलं कुणी पायरीवरून काही म्हणालं, तर ऐका.

आमची ही त्यानंतर त्या वायरीबद्दल एक अक्षर बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मुंजीला आम्ही टॅक्सीने गेलो, १,१०० रुपये. भिक्षावळ चालू असताना पोचलो. ते पैसे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.