बोट की पिन? फोनचं कुलूप निवडताना

आत्यानं नवा फोन घेतला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "अरे, ते बोटाचं लॉक ठेवू, की आपला पिनच बरा?" फोनमध्ये बँकेचं ॲप, यूपीआय आणि नातवंडांचे ढीगभर फोटो. प्रश्न अगदीच रास्त होता.

बोटाची मुख्य अडचण अशी की ते लपवता येत नाही. पाण्याच्या ग्लासवर, दाराच्या कडीवर, खुद्द फोनच्या काचेवर आपण दिवसभर ठसे सोडत हिंडतो. २०१३च्या सप्टेंबरात आयफोन ५एस आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या गटानं काचेवरच्या ठशाचा फोटो काढून, तो पारदर्शक शीटवर छापून, वर लाकडाला लावायच्या पांढऱ्या गोंदाचा थर देऊन नकली बोट तयार केलं. फोन उघडला! पिन फुटला तर दोन मिनिटांत बदलता येतो, ठसा मात्र जन्माचा.

आता आत्याचा ठसा उचलून साचा काढत कोण बसणार आहे? खरा धोका जवळच्याच माणसाचा. २०१७ मध्ये दोहाहून बालीला निघालेल्या विमानात नवरा झोपलेला असताना बायकोनं त्याचं बोट लावून फोन उघडला, आत जे दिसलं त्यावरून असा राडा झाला की विमान चेन्नईला उतरवावं लागलं. झोपलेल्या माणसाकडून पिन काढून घेता येत नाही. घरातल्याच कुणापासून काही जपायचं असेल, तर बोट बंद ठेवून फक्त पिन वापरावा, असं माझं स्पष्ट मत.

पिनचं दुखणं वेगळं. लोकलमध्ये मागे उभ्या असलेल्याला तो सहज दिसतो. पॅटर्नचं तर विचारूच नका, तेलकट बोटानं काढलेली रेघ काच तिरकी धरली की तशीच्या तशी वाचता येते.

आकड्यांत बघायचं तर ॲपल म्हणतं, एकच बोट नोंदवलं असेल तर परक्याचं बोट चुकून जुळण्याची शक्यता ५० हजारांत एक. पाचही बोटं नोंदवली की ती १० हजारांत एक, म्हणजे चार आकडी पिन अंदाजानं ओळखण्याइतकीच. सगळी बोटं हौसेनं नोंदवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. चुकीचं बोट चार-पाच वेळा लागलं की फोन पिन मागतो, ही त्यावरची राखण. २०२३ मध्ये चीनमधल्या टेन्सेंट कंपनीच्या आणि झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेल्या अँड्रॉइड फोनांवर हीच मर्यादा चुकवून दाखवली, पण त्यासाठी फोन हातात घेऊन, उघडून, आत सर्किट जोडावं लागतं. पाकीटमाराच्या आवाक्यातलं ते काम नाही.

सेन्सर बाजूच्या बटणातला घ्यावा की स्क्रीनखालचा? यात फार अडकू नका. मला बटणातला आवडतो, कारण वर काच-कव्हराची भानगड नसते. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० वर स्क्रीनखाली अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी ठसा वाचणारा सेन्सर होता. त्यावर काही सिलिकॉनची कव्हरं चढवली की कुणाच्याही बोटानं फोन उघडायचा. अपडेट देऊन ते सुधारावं लागलं. स्क्रीनखालचा सेन्सर असेल तर नवी काच लावल्यावर जुने ठसे काढून टाकून पुन्हा नोंदवा आणि दुसऱ्या कुणाला बोट लावायला सांगून बघा.

आणि बोट ठेवलं म्हणून पिन जात नाही, तो मागे असतोच. फोन बंद करून चालू केला की आधी पिनच लागतो. म्हणजे पिन १२३४ असेल तर सेन्सर कितीही भारी असो, मागचं दार उघडंच. मात्र बोट असलं की चारचौघांत पिन दाबायची वेळ क्वचित येते. मला बोटाचा खरा फायदा हाच वाटतो.

म्हणून आत्याला सांगितलं, बोट ठेव, पण एकच, आणि पिन सहा आकडी कर. जन्मभर भांडी घासून अंगठा इतका झिजलेला की सेन्सर घेईना; शेवटी डाव्या हाताची तर्जनी चालली. जुना पिन होता तिचं जन्मसाल, तो बदलला. नवा पिन रोज लागत नाही म्हणून विसरायला होतं, तेव्हा चिठ्ठीवर लिहून तिनं तो फोनच्या कव्हरात ठेवलाय, हे मला काल कळलं.