म्हैसूरच्या देवराज मार्केटमधील फुलांची दुकाने

म्हैसूरला गेलेले बहुतेक पर्यटक राजवाडा पाहून चामुंडी टेकडीकडे वळतात. मात्र फुलांची मनापासून आवड असणाऱ्याने सयाजीराव रस्त्यालगतच्या देवराज मार्केटसाठी एक सकाळ अवश्य राखून ठेवावी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव लाभलेल्या या रस्त्यावरून आत शिरताच शेवंतीचे पिवळे-पांढरे ढीग, टपोरा झेंडू, निशिगंध आणि अबोलीच्या वेण्या दिसू लागतात, आणि त्या सर्वांवर मात करतो तो भौगोलिक मानांकन लाभलेल्या म्हैसूर मल्लिगेचा, म्हणजे जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या इथल्या फुलाचा, सुगंध.

मला सर्वांत भावले ते इथल्या विक्रेत्यांचे कसब. केळीच्या सोपटाच्या ओलसर दोरात ते कळ्या इतक्या चपळाईने आणि तरीही इतक्या हळुवारपणे गुंफतात, की एकही पाकळी दुखावत नाही. माळ कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हाताने मोजून दिली जाते, त्यामुळे विक्रेत्याचा हात लांब असल्यास गिऱ्हाइकाचा फायदाच होतो! सणाच्या तोंडावर भाव चढतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी चौकशी करणे बरे.

वाटा अरुंद आणि बहुधा ओल्या असतात. इमारत जुनी असून 2016 मध्ये तिच्या उत्तरेकडील प्रवेशद्वाराचा भाग कोसळला होता. तिचे जतन व्हावे, असे मला कळकळीने वाटते. छायाचित्र काढण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घ्यावी आणि शक्यतो त्याच्याकडून हातभर माळही विकत घ्यावी.