‘द्वारका में ही ऑफिस है सर’ : बंद गाडी घरी आणायच्या नावाखाली ९,३५० रुपये गेले

आधी १,५०० ‘बुकिंग’चे. मग ४,२०० ‘परत मिळणाऱ्या इन्शुरन्स’चे. मग ३,६५० ‘बॉर्डर परमिट’चे. एकूण ९,३५०. बंद पडलेली मोटारसायकल मध्य प्रदेशातून नाशिकला पोचवतो म्हणून हे पैसे घेतले आणि गाडी न्यायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. घरी बायको सोडून कुणाला आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतोय, कारण असाच एखादा नंबर उद्या तुमच्या मोबाईलवर सगळ्यात वर दिसणार आहे.

ओंकारेश्वर करून परत येत होतो. सेंधव्याजवळ, बिजासन घाट लागायच्या आधी इंजिनात खडखडाट झाला आणि गाडी बंद. टायमिंग चेन तुटली होती. रविवारची दुपार. एकच मेकॅनिक उघडा सापडला. तो म्हणाला, इंजिनाचं हेड खोलावं लागेल, सामान इंदूरहून मागवावं लागेल, दोन-तीन दिवस धरा. माझी सोमवारी नाशिकच्या अंबडला, कंपनीत पहिली शिफ्ट. नाशिक दोनशे किलोमीटरच्या पुढे. रेल्वेत टाकावी म्हटलं तर सेंधव्याला रेल्वे नाही; मनमाड-इंदूर लाइनला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, पण मंजुरीवर गाडी चढवता येत नाही. इन्शुरन्स थर्ड पार्टी, त्यात रस्त्यावरची मदत कुठली?

मग मोबाईलवर शोधलं आणि पहिल्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस इतका व्यवस्थित बोलला की काय सांगू. गाडीचं मॉडेल विचारलं, हँडल लॉक होतं का विचारलं, पेट्रोल काढून ठेवायला सांगितलं. पेट्रोल काढायचं हे रेल्वेच्या पार्सललाही सांगतात, म्हणजे माणूस याच धंद्यातला वाटणार ना? ऑफिस कुठे विचारलं तर म्हणाला, “द्वारका में ही ऑफिस है सर.” नाशिककराला द्वारका म्हटल्यावर काय डोळ्यासमोर येतं? आपला सर्कल, उड्डाणपुलाखालची ती गर्दी, ट्रॅव्हल्सवाले. मी वर त्यालाच म्हणालो, हो हो, माहितीये. १,५०० टाकले.

पुढचा भाग कितीदा आठवला तरी डोकं तापतं. व्हॉट्सॲपवर बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, आली. माझं नाव, गाडीचा नंबर, शिक्का, सही आणि वर जीएसटी नंबर, ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, मध्य प्रदेशचा २३ ने. ०७ म्हणजे दिल्ली. द्वारका दिल्लीतही आहे! बिल्टीवर पत्त्यात ‘द्वारका’ एवढंच, शहराचं नाव नाही. आमच्या कंपनीत येणारी चलनं मी रोज बघतो, २७ माझ्या डोळ्यांत बसलेलं आहे. पण ढाब्यावर उन्हात, बॅटरी १८ टक्क्यांवर, कुणी जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे वाचत बसतं का? ज्यांना वाटतं की आपण वाचले असते, त्यांनी आधी एकदा बंद गाडी ढकलत त्या रस्त्याने चालून दाखवावं.

४,२०० पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. विचारलं, तर “अकाउंटंट का खाता है.” पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव दिसतं तेच खरं, फोनवर काहीही सांगोत. ट्रान्सपोर्टचं बिल मोबाईलच्या दुकानाला जात असेल तर तिथेच फोन ठेवा.

आणि बॉर्डर परमिट! २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके उठले, हे मलाही ठाऊक होतं. पण तो म्हणाला, गाडी निघाली आहे, परमिटवाचून शिरपूरच्या अलीकडे अडेल, आधीचे पैसेही जातील. ५,७०० अडकलेला माणूस ३,६५० देतोच. त्यानंतर ‘रिफंड’साठी क्यूआर कोड पाठवून पिन टाका म्हणाला, तेव्हा मात्र मी शिवी हासडली. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. निदान एवढं घरच्या म्हाताऱ्यांना आजच सांगून ठेवा.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. तुम्हीही आधी तिथेच करा, नातेवाइकांना नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडले तरच अडतात.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. अहो, अधिकृत आहे म्हणूनच तर फसवणूक म्हणतोय, नाहीतर चोरी म्हणालो असतो! नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, “घडलं सेंधव्याला ना? मग तिकडे द्या.” सेंधव्याला फोन केला तर म्हणे, पैसे नाशिकच्या खात्यातून गेले, तिकडे द्या. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. ते कलम दाखवलं तर साहेब दुसऱ्या हवालदाराकडे बघून हसले. “गाडी तर घरी आली ना तुमची?” आली, पण तुमच्यामुळे नाही! शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तेव्हा शिक्का सापडेना. शिक्का सापडेपर्यंत मी बाकावरून उठलो नाही. तुम्हीही उठू नका, बिनशिक्क्याची प्रत म्हणजे रद्दी.

गाडी आली ती ढाबेवाल्यामुळे. आपल्याकडचा टोमॅटो, द्राक्षं, कांदा घेऊन वर गेलेल्या पिकअप येताना बऱ्याचदा रिकाम्या असतात. त्याने अशीच एक थांबवली, दिंडोरीची. ड्रायव्हर म्हणाला, “दादा, अडीच हजार द्या, पोचल्यावर.” पोचल्यावर, हे ऐका! क्रेटचे दोर घेऊन हँडल दोन्ही बाजूंनी बांधलं, सीटखाली गोणपाट घातलं, आणि रात्री उशिरा आडगाव नाक्याला उतरवली. म्हणजे अडीच हजारांचं काम, आणि माझे आधीचे धरून गेले ११,८५०. इंजिनाचे ७,४०० वेगळे. अशी गाडी केलीत तर नंबर प्लेटचा आणि लायसन्सचा फोटो काढून घरी पाठवा, आणि स्वतः सोबत बसा.

नाशिकच्या द्वारकेला मी तरीही जाऊन आलो. रिक्षावाल्यांना, ट्रान्सपोर्टवाल्यांना बिल्टीवरच्या नावाचं ऑफिस विचारलं. एक जण म्हणाला, “तुमच्याआधी पण एक जण विचारून गेला.”

आता मोबाईल शॉपीच्या त्या खात्यात माझ्या पैशांतले १,५०० गोठवलेत असं कळलंय. सोडवायचे असतील तर कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाने अर्जाची फी सांगितली ३,०००.