तीन थरांचे जॅकेट आणि आंबोलीचा आषाढ

गेल्या चार पावसाळ्यांत मी एक महागडे तीन थरांचे रेन-जॅकेट, एक साधा पोंचो (डोक्यातून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट), दुचाकीस्वार वापरतात तसला जाड रेनसूट आणि लाकडी मुठीची काळी छत्री ही सर्व साधने आंबोलीच्या जंगलात आलटून पालटून वापरली आहेत. जॅकेटला सुमारे पंधरा हजार रुपये मोजले, पोंचोला सातशे. आणि आज पुन्हा आंबोलीला निघायचे झाले, तर मी पोंचो उचलेन. हा निष्कर्ष मला स्वतःलाही सहज पटला नव्हता, म्हणून तो कसा निघाला हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम वापराविषयी. मी दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये बेडूक पाहण्यासाठी आणि त्यांच्या नोंदी घेण्यासाठी चार-पाच रात्री आंबोलीत काढतो. संध्याकाळी सातला बाहेर पडायचे, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, किंवा रानातल्या पाणथळीपर्यंत तासभर चालायचे आणि मग एका जागी, टॉर्च मंद करून, मध्यरात्रीपर्यंत जवळजवळ निश्चल उभे राहायचे, असा हा क्रम असतो. अंग तापेपर्यंत चढणे आणि नंतर तासन्‌तास न हलणे ही तऱ्हा गड चढून उतरणाऱ्या ट्रेकरपेक्षा शिकाऱ्याच्या जवळची आहे. अमेरिकेतल्या डोंगरांत एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर जाणारे लोक कपड्यांच्या थरांची इतकी चिकित्सा करतात ती याच कारणाने, आणि माझ्या खरेदीवर त्यांच्याच सल्ल्यांचा प्रभाव होता. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. पण घामाने भिजलेल्या अंगाने वाऱ्यात वाट पाहत उभे राहण्याचा प्रश्न प्राण्यांची मोजणी करणाऱ्यांना आणि छायाचित्रकारांना आजही तसाच आहे. फरक आहे तो हवेचा, आणि तो लक्षात न घेता खरेदी केली ही चूक सर्वस्वी माझी.

जॅकेटच्या लेबलवर दोन आकडे होते: 20,000 मिलिमीटर आणि 20,000 ग्रॅम. पहिला आकडा कापडाने पेललेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची सांगतो. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब दिसले की तो दाब नोंदवतात. वीस मीटर पाणी पेलणारे कापड कोणत्याही पावसाला पुरून उरते, त्यामुळे या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही. दुसरा आकडा एका चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते याचा आहे. तो प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो आणि ती परिस्थिती आषाढातल्या सह्याद्रीशी फारशी जुळत नाही.

याचा पडताळा मी दोन रात्रींत घेतला. पहिल्या रात्री मी जेथे उतरतो त्या घराच्या अंगणात, संततधार पावसात, जॅकेट घालून चाळीस मिनिटे नुसता उभा राहिलो. घरच्या काकूंनी दारातून दोनदा डोकावून, काही बिनसले आहे का, अशी चौकशी केली. आत आल्यावर चेन उघडली तेव्हा टी-शर्ट कोरडा ठणठणीत होता. दुसऱ्या रात्री तेवढाच वेळ, तसल्याच पावसात, सॅक पाठीवर घेऊन चढावर चाललो. या वेळी टी-शर्ट पिळला तर ओंजळीत पाणी जमले. पावसाचा एक थेंबही आत आलेला नव्हता. ते सगळे पाणी माझेच होते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. अशा कापडातील पापुद्रा, म्हणजे पाणी अडवून वाफ जाऊ देणारा मधला पातळ थर, स्वतःहून वाफ ढकलत नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळेच वाफ बाहेर जाते. घामेजलेल्या त्वचेचे तापमान सुमारे 33 अंश धरले, तर तेथील बाष्पदाब साधारण 50 हेक्टोपास्कल असतो. बाहेर 5 अंशांची हवा पूर्ण दमट असली, तरी तिचा बाष्पदाब 9च्या आतच राहतो, म्हणजे फरक 40हून अधिक पडतो. आंबोलीत पावसाळी रात्री 22-23 अंश आणि चहूकडे धुके असते. तेथे बाहेरचाच दाब 26-28 असतो आणि फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. उबदार हवेत घाम अधिक आणि तो बाहेर जाण्याची ओढ मात्र निम्मी, अशी ही दुहेरी कोंडी आहे. त्यात बाहेरचे कापड एकदा भिजून बसले, तर उरलेली वाटही जवळपास बंद होते.

हे भिजून बसणेच माझ्या जॅकेटच्या मुळावर आले. नव्या जॅकेटवर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात, कारण बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो. पूर्वी हा लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचा असे. ती रसायने निसर्गात नष्ट होत नाहीत, म्हणून कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी 1 जानेवारी 2025 पासून अशा कपड्यांच्या विक्रीवर निर्बंध आणले आणि जगभरचे उत्पादक बिनफ्लोरिनच्या लेपाकडे वळले. हा बदल योग्यच आहे. मात्र नवा लेप अंगाच्या तेलाने आणि चिखलाने लवकर निकामी होतो. माझ्या जॅकेटचे खांदे, जेथे सॅकचे पट्टे घासतात, दुसऱ्याच पावसाळ्यात गडद दिसू लागले. सौम्य साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, पूर्ण वाळवून, लेबलावर परवानगी असल्यास मंद इस्त्री फिरवली की लेप काही अंशी पुन्हा जागा होतो. परंतु जेथे चड्डी-बनियनसुद्धा तीन दिवस वाळत नाही, तेथे चार रात्रींच्या मुक्कामात हा सोपस्कार कोण आणि कोठे करणार?

जॅकेटच्या बाजूने सांगायचे, तर त्याच्या काखेतल्या लांब चेनी उत्तम आहेत आणि त्या उघडल्यावर जो फरक पडतो तो कापडाच्या सगळ्या श्रेयापेक्षा मोठा आहे. कड्यावरच्या वाऱ्यातही ते निर्विवाद श्रेष्ठ ठरते. आंबोलीजवळच्या कावळेसादला वारा दरीतून वर येतो आणि धबधब्याचे पाणी उलटे तोंडावर फेकतो. तेथे पोंचोचे शीड होते, छत्रीचा तर विचारही नको. ज्यांना हिमालयात, 5-7 अंशांच्या पावसात चालायचे आहे, त्यांनी असे जॅकेट जरूर घ्यावे. तेथे वर सांगितलेले गणित त्यांच्या बाजूचे असते.

शिकाऱ्यांच्या सल्ल्यातली एक गोष्ट मात्र मला शब्दशः लागू पडली: आवाज. जॅकेटचे कडक कापड हात हलला की सळसळते. त्यात डोक्यावर टोपी ओढली की पावसाचा ताशा कानाशीच वाजू लागतो आणि कोणता बेडूक कोणत्या दिशेने ओरडतो आहे हे कळेनासे होते. मलबार ग्लायडिंग फ्रॉगची, पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना फेसाची घरटी करणाऱ्या त्या हिरव्या बेडकाची, अडखळती साद पावसाच्या खळात ऐकून मगच त्याचा माग काढता येतो. आता मी जॅकेटची टोपी दुमडून ठेवतो आणि पुढे झाप असलेली साधी कॅप घालतो. डोके भिजते, पण कान मोकळे राहतात आणि चष्म्यावर थेंब पडत नाहीत.

आता पोंचो. माझा पोंचो नायलॉनचा, आतून लेप दिलेला, सॅकसकट अंगावर येईल एवढा मोठा आहे. त्याच्या दोन्ही बाजू केवळ टिचबटनांनी जोडलेल्या असल्याने खालून आणि बाजूंनी हवा खेळत राहते. वाफ बाहेर जाण्यासाठी येथे कोणत्याही तंत्राची गरज पडत नाही. कोकणात भातलावणीला वाकलेली बाई डोक्यावरून पाठीवर इरले घेते, तेव्हा तिची पाठ झाकलेली आणि पुढची बाजू उघडी असते. तीच युक्ती येथे नायलॉनमध्ये उतरली आहे. गळ्यातला कॅमेरा आतल्या आत हाताळता येतो, सॅकला वेगळे रेनकव्हर लागत नाही आणि पाणथळीशी बसायचे झाले तर मागचा पदर खाली अंथरता येतो. तोटे दोन आहेत. घेरामुळे उतारावर स्वतःचे पाऊल दिसत नाही आणि शेवाळलेल्या कातळावर ते न दिसणे धोक्याचे असते. शिवाय करवंदीच्या जाळीत तो हमखास अडकतो. कमरेला एक सुती दोरी बांधली की दोन्ही त्रास अर्ध्यावर येतात. दोरी विकतच्या पाकिटात येत नाही, ती आपणच न्यावी.

रेनसूटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो स्कूटरसाठी आहे आणि तेथेच शोभतो. चढावर त्यात अंग अक्षरशः उकडून निघते. पावसाळी पँट मी वापरणेच सोडले आहे, कारण पातळ पॉलिस्टरची पँट भिजली तरी चालता चालता अर्धी सुकते. जीन्स घालून येणाऱ्या मित्रांना मी आता परत पाठवतो. छत्री मात्र गावातल्या वाटेवर आणि दाट झाडीत, जेथे वारा नसतो, तेथे या सगळ्यांहून सुखाची आहे. एक हात अडकतो एवढेच.

माझ्या मते पैसे खर्चायचे ते आतल्या थरांवर आणि ते कोरडे ठेवण्यावर. पॉलिस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही दमटपणा शोषत नाही, त्यामुळे पिळून झटकलेला पातळ टी-शर्ट अंगाच्या उबेने सुकतो. सुती कापड मात्र पाणी धरून बसते आणि उभे राहिल्यावर वारा लागला की बर्फासारखे चिकटते. मी त्वचेलगत जाळीचा बनियन घालतो, त्यावर पूर्ण बाह्यांचा पातळ पॉलिस्टर शर्ट. जाळीमुळे ओला शर्ट अंगाला थेट लागत नाही, हा फरक पहिल्याच रात्री जाणवला. ठिकाणावर पोहोचलो की घाम निवण्याआधी, म्हणजे थंडी वाजायची वाट न पाहता, पोंचोच्या आडोशाला शर्ट बदलायचा आणि वर पातळ फ्लीस (लवदार पॉलिस्टरचे उबदार वस्त्र) चढवायचे. हे फ्लीस आणि दुसरा शर्ट तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्रायबॅगमध्ये असतात. पूर्वी मी किराणा दुकानातल्या जाड पिशव्यांना गाठ मारून वापरत असे आणि त्या गाठीतून पाणी कसे शिरते हे मला अजून उमगलेले नाही. लोकर ही फ्लीसहूनही सरस आहे, कारण ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के दमटपणा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. धनगरांनी घोंगडीची खोळ करून भर पावसात मेंढरे राखली ती या गुणाच्या बळावर. पण भिजलेली घोंगडी वाहून नेण्याची माझी ताकद नाही, आणि मेरिनो लोकरीच्या शर्टाची किंमत पाहिली की फ्लीसच बरे वाटते.

साठवणुकीबाबत एक इशारा द्यावासा वाटतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझे आधीचे, स्वस्तातले, पॉलियुरेथेनचा लेप दिलेले जॅकेट मी ऑक्टोबरात घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले होते. जूनमध्ये पिशवी उघडली तेव्हा कुबट वास आला, आतली बाजू चिकट झाली होती आणि शिवणींवरची टेप खांद्यापाशी सुटून लोंबत होती. दमटपणाने हा लेप विघटित होतो आणि एकदा ती क्रिया सुरू झाली की उपाय उरत नाही. आता सगळे पावसाळी सामान मी पूर्ण सुकवून, घडी न घालता, खोलीतल्या खुंटीला टांगतो.

पोंचोची दोन टिचबटने गेल्या वर्षी करवंदीत तुटली. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या गल्लीत छत्र्या आणि चेनी दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांनी दोन्ही बटने वीस रुपयांत बसवून दिली आणि तिसरे सैल झालेले होते ते न विचारता ठोकून घट्ट केले. जॅकेटच्या खांद्यावरची गडद ठिगळे मी त्यांना दाखवली, तेव्हा त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिले आणि हे आपल्याकडून होणार नाही, असे सांगून परत दिले.