कागदपत्रांच्या तिजोरीतली ओल: सिलिका जेल, कॅल्शियम क्लोराइड की विजेची दांडी?

नाशिक शहरात इगतपुरीच्या निम्माही पाऊस पडत नाही आणि दिवाळीनंतर हवा चांगली कोरडी होते. त्यामुळे कोकणातल्या घराएवढा खटाटोप इथे लागत नाही. पण आधी तिजोरी कुठली ते बघा.

साधी पत्र्याची तिजोरी किंवा कपाटातला लॉकर असेल तर ओल बाहेरून येते. आगरोधक तिजोरीचं उलट आहे. आगीत वाफ होऊन आतला भाग थंड राहावा म्हणून तिच्या भिंतींच्या भरावात पाणी धरलेलं असतं. ते एरवीही थोडं थोडं सुटतं आणि दाराच्या घट्ट रबरामुळे आतच कोंडतं. अशा तिजोरीत खरेदीखत जानेवारीतही सादळू शकतं.

माझं मत सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, बाजूने आहे, पण बुटाच्या खोक्यातल्या पुडीवर भागवू नका. पन्नास लिटरच्या तिजोरीतल्या हवेत, ३० अंशाला अगदी भरून वाफ असली तरी, पाणी जेमतेम दीड ग्रॅम. खरं पाणी कागदांनी पिऊन ठेवलेलं असतं. म्हणून कागद आधी रात्रभर पंख्याखाली पसरा, मग पाव किलो तरी दाणे जाळीदार पिशवीत घालून ठेवा. नारिंगी दाणे घ्या. निळ्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं, ते घरात नको. नारिंगी हिरवट पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवायचे, पुन्हा तयार. नुसत्या उन्हाने ते पुरते सुकत नाहीत.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे, म्हणजे खाली पाणी साचतं ते, ओल भरपूर ओढतात. सिलिका जेलपेक्षा जास्तच. कपड्यांच्या कपाटात खुशाल ठेवा. तिजोरीत मात्र नको. ते साचलेलं पाणी खारट असतं. डबा कलंडला तर मृत्युपत्र भिजेल आणि पत्राही गंजेल.

विजेची दांडी, म्हणजे तिजोरीत ठेवायचा बारीक हीटर, ओल शोषत नाही, आतली हवा थोडी तापवून सापेक्ष आर्द्रता (हवा धरू शकेल त्या वाफेपैकी किती टक्के आहे ते) खाली आणते. पाणी बाहेर पडायला फट असेल तरच खरा फायदा. शिवाय वायरीसाठी भोक लागतं, आणि आगरोधक तिजोरीला भोक पाडलं तर तिच्या आगरोधकपणावरच पाणी. पावसात लाइट गेली की ओल परत. मोठी तिजोरी, वायरीचं भोक मुळातच दिलेलं आणि दाणे तापवायचा कंटाळा, असं असेल तरच दांडीचा विचार करा.

बाहेर प्लगला लावून सुकवायचे डबे म्हणजे आत सिलिका जेलच, फक्त हीटर सोबत. ओव्हन नसलेल्या घरात हेच घ्या. तांदूळ आणि डांबरगोळ्या यांचं नावच काढू नका: एकाने किडे येतात, दुसऱ्याने नुसता वास.

काहीही घेतलंत तरी सोबत छोटा आर्द्रतामापक हवाच. काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला तर ठीक. ६५ च्या वर टिकला तर बुरशीची भीती. पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारख्या ओल धरणाऱ्या भिंतीला तिजोरी टेकवू नका, चार बोटं पुढे घ्या. यू-पिना काढून टाका, त्यांचा गंज कागदावर उतरतो. नाशिकरोडच्या प्रेसमधून निघालेल्या कोऱ्या करकरीत स्टॅम्पपेपरलाही लॅमिनेशन करू नका. आत अडकलेली ओल मग काढता येत नाही.