ब्लड कल्चर मशीन, नऊ महिन्यांनंतर: बाटलीत रक्त किती, ते आधी बघा

रक्तातले जंतू बाटलीत वाढतात का ते बघणारं हे मशीन आमच्या लॅबमध्ये नऊ महिन्यांपूर्वी आलं. गेल्या मंगळवारी पहाटे ते वाजलं, म्हणून आज लिहायला बसले.

पेशंट चिकोडीकडचा मेंढपाळ. तीन आठवडे ताप, रात्री घामानं अंथरूण भिजायचं. विडाल (टायफॉइडची तपासणी), मलेरिया, डेंग्यू सगळं निगेटिव्ह. पहिली कल्चर बाटली पाच दिवस मशीनमध्ये राहिली, रिपोर्ट 'नो ग्रोथ', म्हणजे जंतू वाढलेच नाहीत. ताप तसाच. मग मीच डॉक्टरांना फोन केला, दोन्ही हातांतून दहा-दहा मिली घ्यायला सांगा म्हटलं. त्यातली एक बाटली तिसऱ्या दिवशी वाजली. स्लाइडवर बारीक वाळू उधळावी तसे फिकट लाल ठिपके. ब्रुसेलाचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या जंतूचा, संशय आला आणि हात आवरला, कारण तो लॅबमध्ये काम करणाऱ्यालाच धरतो. पुढचं सगळं सेफ्टी कॅबिनेटमध्ये केलं. बेळगावच्या मोठ्या लॅबनं ब्रुसेलाच सांगितला.

पहिल्या बाटलीत रक्त होतं तीन मिली.

आम्ही निपाणीत पूर्वी रोज सकाळी बाटल्या उजेडाकडे धरून गढूळपणा बघायचो, मध्येच आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, टाकायचो. मशीन दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाटली तपासतं. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तेवढ्यावर ते ओळखतं. टायफॉइडची बाटली बहुतेक दोन दिवसांत वाजते. लाईट गेली तर इन्व्हर्टर धरतो, तिथं त्रास नाही.

सुरुवातीचे दोन महिने मी सगळ्यांना सांगायचे की एवढ्या महागड्या बाटल्या फुकट जातात. दोन बाटल्या म्हणजे शेतमजुराची दिवसाची मजुरी. ते मत आता मागे घेते. फुकट जाते ती अर्धवट भरलेली बाटली. टायफॉइडमध्ये मोठ्या माणसाच्या एक मिली रक्तात एखाददुसराच जंतू असतो, मग तीन मिलीत सापडणार काय? आणि आमच्या मशीनला बाटलीत रक्त किती आहे ते कळत नाही. माझा खरा राग त्यावरच आहे. कमी भरलेली बाटलीही ते पाच दिवस गुमान फिरवतं आणि निगेटिव्ह म्हणून बाहेर देतं.

वॉर्डमधून फोन येतो, "अक्का, पेशंट अशक्त आहे, एवढं रक्त कशाला?" मी सांगते, मोठ्या माणसाला वीस मिलीनं काही होत नाही, निदान चुकलं तर होतं. लहान मुलांची बाटली वेगळी, तिथं एक ते तीन मिली पुरतं. जास्त भरणंही नको, पांढऱ्या पेशींमुळे मशीन उगाच वाजतं. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, हे संकेश्वरच्या एका दवाखान्याला मी चार वेळा सांगितलंय.

आता प्रत्येक बाटली पाठवण्याआधी वजन करून लेबलवर लिहिते, वर दहा मिलीची खूण मार्करनं करते. परत आली की पुन्हा काट्यावर. एक मिली रक्त म्हणजे साधारण एक ग्रॅम, थोडं जास्तच. आठपेक्षा कमी दिसलं की लगेच फोन, दुसरी बाटली घ्या म्हणून.

मेंढपाळाच्या बायकोलाही आता ताप आहे. तिच्या दोन बाटल्या काल आल्या, एक १०.३ ग्रॅम भरली, दुसरी ९.८.